हावरा कुत्रा आणि कच्चें हाड

आमच्या चोरखमारा गांवाच्या एका अंगास मोठा तलाव व दुसऱ्या अंगास नागझिऱ्याचें रान आहे. अशा ठिकाणीं कुत्रा हा हौसेचा नव्हे, तर गरजेचा प्राणी होय. धानाच्या बांधींत रानडुकरें शिरोत कीं गोठ्याजवळ बिबट येवो, पहिली वर्दी तोच देतो. अशा राखणदाराच्या खाण्याकडे मात्र आपण शेतकरी फारसें लक्ष देत नाहीं. उरलेंसुरलें पुढें टाकलें कीं आपलें कर्तव्य संपलें, असें आपण समजतों.

पुष्कळ कुत्र्यांस अन्न न चावतां घशाखालीं लोटण्याची खोड असते. कित्येकदां तें लगेच ओकून पडतें. यावर एक सल्ला सर्रास दिला जातो कीं, त्यास कच्चें हाड घालावें, म्हणजे तें कुरतडतां कुरतडतां त्याची घाई मोडेल. हा सल्ला अर्धा खरा आहे. परंतु उरलेला अर्धा भाग प्राणघातक आहे. आमच्या घरींच त्याचा अनुभव आला. एका जेवणावळीनंतर रश्श्यांतील हाडें आम्ही आमच्या मोत्यापुढें टाकलीं. क्षणभरांत तो पंजानें तोंड ओरबाडूं लागला व लाळ गाळूं लागला. जनावरांच्या दवाखान्यांत नेल्यावर घशांत रुतलेला हाडाचा तुकडा निघाला व मोत्या वांचला. दोष सर्वस्वीं आमचाच होता. तेव्हांपासून या विषयाची आम्ही जी चौकशी केली, ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम कुत्रा घाईनें कां खातो, तें पाहूं. त्यास बेचाळीस दांत असतात. परंतु त्याचा जबडा गाईसारखा आडवा फिरत नाहीं, वरखालींच हालतो. दांत कापण्याचें व फोडण्याचें काम करितात, रवंथ करण्याचें नव्हे. घशांतून उतरेल एवढा तुकडा झाला कीं तो गिळतो. पुढील काम जठरांतील तीव्र आम्लाचें. शिवाय कळपांत राहणाऱ्या प्राण्यांत जो सावकाश खाईल तो उपाशी राहील. नागझिऱ्यांतील रानकुत्रे शिकार पडतांच ती भराभर फस्त करितात, याचें कारण हेंच. तेव्हां थोडी घाई ही कुत्र्याची जातच आहे. ती अतोनात वाढली, तर तीन कारणें शोधावीं: दिवसांतून एकदांच मिळणारें अन्न, शेजारीं घास हिसकावणारा दुसरा कुत्रा, अथवा पोटांतील जंत.

उपायही त्याच क्रमानें करावे. अन्न दोन वेळां द्यावें. प्रत्येक कुत्र्यास निराळ्या ठिकाणीं बांधून घालावें. जंताचें औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावें. खोल भांड्याऐवजीं पसरट परातींत भात पातळ पसरावा, अथवा भांड्यांत एक मोठा, गुळगुळीत, गिळतां येणार नाहीं असा धोंडा ठेवावा. म्हणजे त्याच्या कडेकडेनें खातांना वेळ लागतो. या उपायांस खर्च नाहीं. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचें पोट घाईच्या खाण्यानें फुगून पीळ पडण्याचाही संभव असतो. म्हणून ही खोड क्षुल्लक मानूं नये.

आतां हाडाविषयीं. शिजलेलें हाड कुत्र्यास कधींही घालूं नये. उष्णतेनें तें ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिपा निघतात, व त्या घसा किंवा आंतडें फाडतात. कच्चें हाड त्या मानानें चिवट असतें. ऑस्ट्रेलियांतील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनीं 1993 साली पुस्तक लिहून कच्च्या हाडांचा पुरस्कार केला. उलट अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें 2010 साली हाडें कुत्र्यांस धोक्याचीं आहेत, अशी सूचना काढली. दोन्हीं बाजूंत तथ्य आहे. कच्चें हाड कुरतडल्यानें दांतांवरील कीट निघतें हें खरें. पण तें गिळलें तर घशांत किंवा आंतड्यांत अडकतें, हेंही तितकेंच खरें. आणि गिळणारा कोण, तर तोच हावरा कुत्रा! म्हणजे ज्याच्यासाठीं हा उपाय सांगतात, त्यालाच त्याचा धोका अधिक.

म्हणून घाई आधीं मोडावी, हाड नंतर द्यावें. द्यावयाचें तर तें कुत्र्याच्या तोंडाहून मोठें असावें. म्हशीच्या गुडघ्याच्या सांध्याचें, कूर्चा व थोडें मांस असलेलें हाड त्यांतल्या त्यांत बरें. नळीचें टणक हाड दाढ फोडतें. कोंबडीची मान व बकऱ्याच्या बरगडीचे तुकडे हावरा कुत्रा सबंध गिळतो. हाड भरल्या पोटीं, आपल्या डोळ्यांदेखत, दहा-पंधरा मिनिटेंच द्यावें. तें लहान झालें कीं काढून घ्यावें. मात्र तोंडांतून हिसकावूं नये, भाकरीचा तुकडा पुढें करून बदल्यांत घ्यावें. पिलांस व दांत झिजलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांस हाड देऊंच नये. कच्च्या हाडावर रोगजंतु असतात, यास्तव नंतर हात व जागा धुवावी.

येथें एक इशारा अत्यंत महत्त्वाचा आहे. बकरें कापल्यावर काळीज, फुप्फुस वगैरे टाकाऊ भाग कुत्र्यापुढें कच्चे टाकण्याची चाल आहे. त्यांत पाण्यानें भरलेल्या फोडांच्या रूपानें एका जंताची पिलावळ असूं शकते. ती कुत्र्याच्या आंतड्यांत वाढते व तिचीं अंडीं विष्ठेवाटे अंगणांत पडतात. मुलांच्या हातांतून तीं पोटांत गेलीं, तर माणसाच्या यकृतांत व फुप्फुसांत तसेच फोड वर्षानुवर्षें वाढतात. कित्येकदां शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें. म्हणून हे भाग चांगले उकळून द्यावे किंवा खोल पुरावे. हाड कच्चें, पण काळीज शिजलेलें, हा नियम ध्यानांत ठेवावा. तसेंच एकाएकीं मेलेल्या, नाकागुदांतून रक्त आलेल्या गुरास फाशी रोग झालेला असण्याचा संभव असतो. त्याचें प्रेत फाडूं नये, त्याचें हाड कुत्र्यास लागूं देऊं नये, व पशुवैद्यास ताबडतोब कळवावें.

कोणी म्हणतील, रानकुत्रे हाडें खातात, त्यांस कोठें कांहीं होतें? रानकुत्रे हाडाबरोबर कातडें, केस व मांसही खातात. शिवाय त्यांत हाड अडकून किती मेले, याची नोंद रानांत कोण ठेवतो?

हाड दिल्यावर कुत्रा वारंवार ओकूं लागला, कुंथूनही शौचास होईना, विष्ठा खडूसारखी पांढरी व टणक झाली, अथवा पाठ कमानदार करून तो अन्नाकडे पाहीना, तर घरगुती औषध करीत बसूं नये. ओकारी काढूं नये, घशांत बोटें घालून हाड आंत लोटूं नये. थेट दवाखाना गांठावा.

जो प्राणी आपल्या पिकासाठीं रात्र जागून काढतो, त्याच्या पुढील परातींत काय पडतें हें पाहण्यास आपला थोडा वेळ लागतो. तेवढा प्रत्येक शेतकरी बंधूनें द्यावा, इतकीच आमची विनंती आहे.