शिकागोची पांढरी नगरी आणि मागे राहिलेली बाग

शिकागोच्या दक्षिण भागात मिशिगन सरोवराला लागून जॅक्सन पार्क आहे. कोलंबस अमेरिकेत पोहोचल्याला ४०० वर्षे झाली म्हणून १८९३ मध्ये येथे जागतिक प्रदर्शन भरले. मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ७० लाख भेटींची नोंद झाली. त्याआधी ही जागा म्हणजे वाळू आणि दलदल होती. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८७१ मध्येच येथे उद्यान आखले होते, पण ते बहुतांशी कागदावरच होते. प्रदर्शनासाठी तळी-कालवे खणले गेले आणि त्यांच्या काठी डॅनियल बर्नहॅम यांच्या देखरेखीखाली शुभ्र प्रासाद उभे राहिले. लोक त्याला ‘पांढरी नगरी’ म्हणू लागले.

हे प्रासाद दिसायला संगमरवरी, पण वरचा लेप प्लास्टर आणि तागाच्या धाग्यांचा. ते टिकण्यासाठी बांधलेलेच नव्हते. १८९४ च्या जुलैतील आगीत मुख्य इमारती जळून गेल्या. ललित कला प्रासाद मात्र वाचला, आणि त्याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे: मोलाची चित्रे ठेवायची म्हणून आतले बांधकाम विटांचे, आगीला दाद न देणारे केले होते. त्यात आधी फील्ड संग्रहालय होते. पुढे बाहेरून चुनखडीचा दगड चढवून १९३३ मध्ये तेथे विज्ञान व उद्योग संग्रहालय सुरू झाले. ते आजही चालू आहे.

पहिले फेरिस चक्र, २६४ फूट उंचीचे, ‘मिडवे’ या लांब पट्ट्यात फिरत होते. चक्र १९०६ मध्ये मोडीत निघाले. मिडवे आता शिकागो विद्यापीठाच्या मधून जाणारी हिरवळ आहे.

मराठी वाचकाला या प्रदर्शनाची ओळख असते ती सर्वधर्म परिषदेमुळे. पण स्वामी विवेकानंद जॅक्सन पार्कमध्ये बोलले नाहीत. ब्राह्मो समाजातर्फे मुंबईचे बी. बी. नागरकरही ज्या परिषदेत बोलले, ती शहराच्या मध्यभागी मिशिगन अॅव्हेन्यूवरील इमारतीत भरली होती. तेथे आज शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट आहे.

खरा वारसा मात्र जमिनीचा आहे. प्रदर्शन आवरल्यावर ओल्मस्टेड यांच्या संस्थेने ती पुन्हा उद्यानाच्या रूपात आखली. तळ्यातील वनबेटावरचा जपानी मंडप १९४६ मध्ये जळाला, तरी तेथील जपानी बाग नव्याने सजली. २०१६ पासून तिच्याजवळ योको ओनो यांचे धातूच्या कमळपाकळ्यांचे शिल्प आहे. बाकीचे बेट आजही झाडांचे आणि पाखरांचेच आहे.