सागवानी पेटीला झळाळी कशी येते?

यवतमाळ जिल्ह्यात पुसद, उमरखेड, पांढरकवडा या भागांतील जंगलांत साग मोठ्या प्रमाणावर आढळतो. शाळेतील सागवानी टेबल किंवा बाजाच्या पेटीचे पॉलिश उडाले की ती वस्तू अडगळीत जाते, नाहीतर तिच्यावर ऑइलपेंट चढतो. वास्तविक, लाकूड शाबूत असेल तर तिला पुन्हा झळाळी आणता येते. त्यासाठी सागाची अंतर्रचना समजून घ्यायला हवी.

सागाच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या असतात. वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला तयार झालेल्या वाहिन्या रुंद, म्हणजे सुमारे ०.२ ते ०.३ मिलिमीटर व्यासाच्या असतात. नंतरच्या अरुंद असतात. फळीवर रंधा मारला की या वाहिन्या उभ्या चिरल्या जातात आणि पृष्ठभागावर बारीक खाचा उरतात. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परावर्तित करतो, म्हणून तो चकाकतो. खाचांमुळे प्रकाश विखुरतो आणि चकाकी मंदावते.

मग पॉलिशनेच खाचा का भरत नाहीत? समजा, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या पॉलिशमध्ये आकारमानाने २० टक्के लाख आहे. ०.२ मिलिमीटर खोलीची खाच काठोकाठ भरली, तरी स्पिरिट उडून गेल्यावर लाखेचा थर उरेल सुमारे ०.०४ मिलिमीटरचा! म्हणून आधी खाचा भरणाऱ्या पुटीची, म्हणजे कारागिरांच्या भाषेत लांबीची, गरज पडते.

खडूची पूड उकळलेल्या जवसाच्या तेलात मळून अशी लांबी करता येते. लाकडाशी रंग जुळावा म्हणून तिच्यात थोडी काव मिसळतात. ती लाकडाच्या रेषांना आडवी चोळून खाचांत दाबायची आणि किंचित सुकताच वरची जादा लांबी आडवीच पुसायची. उभी पुसली तर खाचांतली लांबीही निघून येते.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील पियानोंना लाखेचे ‘फ्रेंच पॉलिश’ करीत. त्यात प्यूमिस या ज्वालामुखी दगडाची पूड वापरत. प्यूमिस म्हणजे एक प्रकारची काचच. तिचा अपवर्तनांक सुमारे १.५ आणि लाखेचा सुमारे १.५२. दोन्ही जवळजवळ सारखे असल्याने प्रकाश त्यांच्या सीमेवर फारसा विखुरत नाही. खाच भरते, पण पूड दिसत नाही. ही लाख मुख्यतः भारतातून जाई. लाखेचे कीटक पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर पोसतात; यांपैकी पळस आपल्या परिचयाचाच आहे.

लाकडाला रंग द्यायचा असेल तर तो लांबीच्या आधी द्यावा. सुकलेली लांबी रंग नीट शोषत नाही, त्यामुळे ठिपके पडतात. पाण्यात विरघळणारा रंग लावल्यास लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात. म्हणून आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसावे, वाळू द्यावे, पॉलिशपेपरने हलके घासावे आणि मगच रंग द्यावा. फळीच्या टोकाला वाहिन्यांची तोंडे उघडी असल्याने तिथे केशाकर्षणाने रंग जास्त शिरतो. तिथे हात हलका ठेवावा.

जुने पॉलिश खरवडण्याआधी आडोशाच्या जागी स्पिरिटचा थेंब टाकून पाहावा. पॉलिश चिकट झाले तर ते बहुधा लाखेचे आहे. तेच स्पिरिटने विरघळवून पुन्हा पसरवता येईल. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते, म्हणून तो वर्गात किंवा मुलांच्या हातून घासून काढू नये. स्पिरिट ज्वालाग्राही आणि विषारी असते. ते शिक्षकांनीच, मोकळ्या हवेत वापरावे.

विद्यार्थ्यांसाठी एक सोपा प्रयोग: काचपट्टीवर खडूच्या पुडीचे तीन पातळ थर द्या. एक कोरडा ठेवा, दुसऱ्यात पाणी आणि तिसऱ्यात गोडेतेल मिसळा. पट्टी छापील अक्षरांवर धरा. कोणत्या थरातून अक्षरे सर्वांत स्पष्ट दिसतात? हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि तेलाचा सुमारे १.४७ आहे. आता कारण मुलांनाच शोधू द्या.