छातीत नळी घेऊन घरी आलेला रुग्ण : पिशवी रिकामी करणे व निगा राखणे

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव दिवंगत शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे आणि तेथील रुग्णसेवेमुळे दूरवर परिचित आहे. तथापि, छातीच्या मोठ्या उपचारांसाठी या परिसरातील रुग्णांना बहुधा अकोला, छत्रपती संभाजीनगर वा नागपूर गाठावे लागते. प्रकृती स्थिरावली की काही रुग्णांना छातीतील नळी आणि तिला जोडलेली पिशवी यांसह घरी पाठविले जाते. रुग्णालयात जे काम परिचारिका करीत होत्या, ते मग पत्नीच्या, मुलाच्या किंवा सुनेच्या हाती येते.

१९५५ साली स्थापन झालेल्या आपल्या अमरावती धर्मप्रांतात बुलढाणा जिल्हाही येतो. येथील ख्रिस्ती कुटुंबे गावोगावी विखुरलेली आहेत. अडचणीच्या वेळी जाणकार माणूस शेजारी असेलच असे नाही. म्हणून या विषयाची प्राथमिक माहिती आम्ही येथे देत आहोत. रुग्णालयाने दिलेल्या सूचना मात्र नेहमी प्रथम मानाव्यात.

नळी कशासाठी?

फुप्फुसाभोवती दोन पातळ आवरणे असतात. त्यांच्यामधील पोकळीत हवा, पाणी, रक्त किंवा पू साचला की फुप्फुस दबते आणि श्वास अपुरा पडतो. क्षयरोग, न्यूमोनिया, कर्करोग, अपघातातील मार ही त्याची नेहमीची कारणे आहेत. साचलेले बाहेर काढण्यासाठी बरगड्यांमधून नळी बसवितात.

परंतु श्वास आत घेताना हीच पोकळी बाहेरची हवा ओढून घेऊ पाहते. त्यामुळे आतले बाहेर यावे, बाहेरचे आत जाऊ नये, अशी एकेरी वाट लागते. जर्मन वैद्य गॉटहार्ड ब्यूलाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात नळीचे टोक पाण्याखाली ठेवून ही वाट साधली. १९६० च्या दशकात अमेरिकन शल्यविशारद हेन्री हाइमलिख यांनी रबरी पडद्याची झडप तयार केली आणि रुग्णाला नळीसह हिंडणे-फिरणे सोपे झाले. आजच्या पिशव्या याच दोन तत्त्वांवर चालतात. आपल्या रुग्णाची पिशवी पाण्याची आहे की झडपेची, हे घरी निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. पुढील सर्व नियम ही एकेरी वाट राखण्यासाठीच आहेत.

रोजची निगा

१. पिशवी सदैव छातीच्या खाली असावी. ती वर उचलली तर आतील द्रव छातीत परत जाऊ शकतो. रुग्ण जमिनीवर सतरंजी टाकून झोपत असेल, तर पिशवीला खाली जागाच उरत नाही. अशा घरात काही दिवसांपुरती खाट मिळवावी. एस. टी. अथवा जीपमध्ये पिशवी वरच्या फळीवर ठेवू नये.

२. पाण्याची पिशवी उभीच राहावी आणि पाणी खुणेच्या रेषेपर्यंत असावे. श्वासाबरोबर पाणी वर-खाली होणे हे नळी मोकळी असल्याचे लक्षण आहे.

३. नळीला पीळ वा मुरड पडू देऊ नये. ती अंगाखाली दबू नये. हवा बाहेर पडण्यासाठी पिशवीला ठेवलेले छिद्र कधीही बंद करू नये.

४. चालताना किंवा प्रवासात ‘सुरक्षित राहावी’ म्हणून नळीला चिमटा लावून ठेवू नये. आत हवा कोंडली तर फुप्फुस आणि हृदय दोन्ही दाबले जातात व जीव धोक्यात येतो.

५. नळीभोवतीची पट्टी कोरडी ठेवावी. विडी-सिगारेट पूर्ण बंद करावी. शिकविलेले श्वासाचे व्यायाम आणि थोडे चालणे नेमाने करावे.

पिशवी रिकामी करताना

पिशवी पूर्ण भरू देऊ नये. अर्धी भरत आली की रिकामी करावी. प्रथम साबणाने हात स्वच्छ धुवावेत व हातमोजे घालावेत. खाली तोटी असलेली झडपेची पिशवी असेल, तर ती छातीच्या खालीच धरावी. तोटीचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, तोटी उघडून द्रव मापाच्या भांड्यात घ्यावा, तोटी घट्ट बंद करून पुन्हा पुसावी. पिशवी दाबून पिळू नये. येथे नळी छातीपासून वा पिशवीपासून सोडवावी लागत नाही.

पाण्याची बाटली असेल, तर ती उघडताना एकेरी वाट क्षणभर मोडते. म्हणून बाटली बदलण्यापुरता चिमटा लावतात, रुग्णालयाने सांगितलेले निर्जंतुक पाणी रेषेपर्यंत भरतात, बाटली जोडतात आणि लगेच चिमटा काढतात. परिचारिकेने समोर करवून घेतल्याशिवाय हे काम घरी करू नये.

द्रव किती निघाला, त्याचा रंग कसा होता, हे तारीख व वेळेसह वहीत लिहावे. बाटलीत आधी घातलेले पाणी त्यातून वजा करावे. द्रव शौचालयात ओतावा. उघड्या गटारात किंवा शेतात टाकू नये. भांडे केवळ याच कामासाठी ठेवावे. शेवटी हात पुन्हा धुवावेत.

तातडीचे प्रसंग

नळी छातीतून निसटली, तर स्वच्छ जाड कापड छिद्रावर ताबडतोब दाबून धरावे. नळी पुन्हा आत घालण्याचा प्रयत्न करू नये. नळी पिशवीपासून सुटली, तर तिचे टोक स्वच्छ पाण्याच्या बाटलीत दोन सेंटीमीटर बुडवून बाटली छातीच्या खाली ठेवावी. दोन्ही प्रसंगी त्वरित रुग्णालय गाठावे. अचानक धाप लागणे, लाल रक्त येणे, ताप, दुर्गंधी, मान वा छातीवर सूज येऊन त्वचेखाली कुरकुर जाणवणे, किंवा द्रव एकाएकी थांबून श्वास जड होणे, हीदेखील तातडीची लक्षणे होत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

आपले कर्तव्य

पिशवीतील पाणी लोकांना दिसेल, या संकोचाने अनेक रुग्ण मिस्सेला येणे टाळतात. काही जण पिशवी शालीखाली छातीशी कवटाळून बसतात. हा संकोच त्यांच्या प्रकृतीला घातक ठरू शकतो. म्हणून धर्मग्रामस्थांना आमची विनंती आहे, की अशा रुग्णासाठी मंदिरात कडेची जागा मोकळी ठेवावी, तेथे पिशवी खाली उभी राहील. घरी भेटीस जाताना खाटेवर बसू नये, नळीवर पाय पडणार नाही याकडे लक्ष द्यावे. रात्रंदिवस जागणाऱ्या नातलगाला एखादी दुपार विसावा द्यावा.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली जागतिक रुग्णदिन जाहीर केला व तो ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणादिवशी पाळला जातो. पुनरुत्थित प्रभूने आपली भेदलेली कूस शिष्यांपासून लपविली नाही. आपल्यातील कोणालाही आपली जखम लपवावी लागू नये, यासाठी आपण सर्वांनी प्रार्थना करू या आणि स्वच्छ हातांनी सेवाही करू या.