पारी पातळ, पदार्थ हलका : घरच्या घरी लझानिया

लझानिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो वितळलेल्या चीजने माखलेला, लाल रश्शात बुडालेला जाडजूड चौकोनी तुकडा. मुलांना तो प्रिय, वडीलधाऱ्यांना जड आणि पथ्य सांभाळणाऱ्यांना वर्ज्य, अशी त्याची आपल्याकडील ख्याती आहे. वस्तुतः इटालियन भाषेत ‘लासान्या’ म्हणजे पिठाची एक पातळ पट्टी, आणि त्याचे अनेकवचन ‘लासान्ये’ हे थरांच्या पदार्थाचे नाव. म्हणजे पदार्थाला नाव मिळाले ते चीजवरून नव्हे, रश्शावरूनही नव्हे, तर पारीवरून. 14व्या शतकातील ‘लिबेर दे कोक्विना’ या लॅटिन पाकग्रंथात याची कृती आढळते. आंबवलेल्या कणकेची पातळ पारी लाटावी, तिचे तीन बोटे रुंदीचे चौकोन कापावेत, ते उकळून घ्यावेत आणि किसलेले चीज व मसाल्याची पूड पेरत एकावर एक रचावेत, एवढीच ती कृती. टोमॅटोचा तिच्यात मागमूस नाही, कारण अमेरिका खंडातून टोमॅटो युरोपात पोचला तो 16व्या शतकात.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, या पदार्थाचे आरोग्याशी असलेले नाते त्यातूनच उलगडते. पारी उत्तम असेल तर बाकीचे सारे थोडके पुरते. पारी जाड आणि बेचव असेल, तर तिची उणीव झाकण्यासाठी चीज, लोणी आणि मीठ यांचा वर्षाव करावा लागतो. ‘घरी केले म्हणजे आरोग्यदायी झाले’ हा आपला लाडका समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. घरी केल्याने पारीची जाडी, पिठाची जात, मिठाचे आणि स्निग्ध पदार्थांचे प्रमाण आपल्या हातात येते. त्या अधिकाराचा आपण वापर केला, तरच घरच्या कष्टांना अर्थ.

बोलोन्याचे लाटणे

उत्तर इटलीतील एमिल्या-रोमान्या हा प्रांत आणि त्यातील बोलोन्या हे शहर ताज्या पारीचे माहेरघर मानले जाते. तिथे या पारीला ‘स्फोल्या’ म्हणतात आणि ती लाटणाऱ्या निष्णात स्त्रियांना ‘स्फोल्यीना’. त्यांचे लाटणे आपल्या लाटण्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असते, आणि लाटण्यासाठी भलामोठा लाकडी पाट असतो. पारी किती पातळ हवी, याविषयी तिथे एक मौजेची कसोटी सांगतात. पारी उचलून धरली असता तिच्यातून शहराबाहेरच्या टेकडीवरील सान लुकाचे देवालय दिसले पाहिजे! अतिशयोक्ती सोडून द्या. पारीखाली धरलेल्या आपल्या हाताची बोटे अंधूक दिसली, तरी आपण जिंकलो.

बोलोन्याच्या परंपरेतील आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तेथील अस्सल लझानियाची पारी हिरवी असते, कारण तिच्यात पालक मळलेला असतो. ही पालकाची कृती 2003 साली तेथील वाणिज्य मंडळात अधिकृतपणे नोंदवण्यातही आली. मुलांच्या पोटात पालेभाजी जावी म्हणून आपण जी युक्ती योजतो, ती तिथे सणासुदीच्या पदार्थाची ओळखच होऊन बसली आहे.

पीठ कोणते घ्यावे?

इटलीत पारीचे दोन संप्रदाय आहेत. उत्तरेकडे मऊ गव्हाचे बारीक पीठ आणि अंडी. दक्षिणेकडे कठीण, पिवळसर ड्यूरम गव्हाचा रवा आणि पाणी. दोन्ही मार्ग आपल्याला मोकळे आहेत.

उत्तरेकडील प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे : 100 ग्रॅम पिठाला एक अंडे. चार जणांसाठी 200 ग्रॅम मैदा आणि दोन अंडी पुरतात. अंडी लहान असतील तर कवच काढून वजन करावे. ते 100 ग्रॅमच्या आसपास भरावे. अंड्यातील पांढऱ्या भागातील प्रथिने उष्णतेने घट्ट होतात आणि पारीला धरून ठेवतात. पिवळा बलक तिला रंग आणि मार्दव देतो. पिठात मीठ घालण्याची आवश्यकता नाही. ते उकळत्या पाण्यातून पुरेसे येते. पालकाची पारी हवी असल्यास एका अंड्याऐवजी सुमारे 50 ग्रॅम उकडलेला, घट्ट पिळलेला आणि बारीक वाटलेला पालक घ्यावा. पालक पिळण्यात हयगय केली, तर पीठ सैल होते.

अंडी चालत नसतील, तर दक्षिणेचा मार्ग धरावा. आपल्याकडे पिकणारा बन्सी गहू ड्यूरम जातीचाच आहे. 200 ग्रॅम अगदी बारीक बन्सी रव्यात सुमारे 100 मिलिलिटर कोमट पाणी थोडेथोडे घालून पीठ भिजवावे आणि ते अधिक वेळ मुरू द्यावे.

संपूर्ण गव्हाची कणीक वापरायची असेल, तर प्रथम अर्धी कणीक आणि अर्धा मैदा घ्यावा. कोंड्याचे कण पिठातील चिवट धागे तोडतात आणि पाणी अधिक शोषतात. म्हणून एक-दोन चमचे पाणी जास्त लागते आणि मुरवणही लांबते. खपली गव्हाचेही तसेच. इटलीत ‘फार्रो’ या नावाने जो प्राचीन गहू जपला गेला, त्यातला एक प्रकार म्हणजे आपली खपली. तिची चव खमंग, पण तिच्या पिठाला ताण कमी. नुसत्या खपलीची पारी लाटताना फाटते.

तिंबावे, मुरवावे, लाटावे

परातीत पिठाचे आळे करून त्यात अंडी फोडावीत, काट्याने फेटत कडेचे पीठ हळूहळू आत ओढावे. गोळा जमल्यावर तळहाताच्या टाचेने किमान दहा मिनिटे तिंबावा. प्रारंभी तो खडबडीत आणि हट्टी वाटेल. पाणी घालण्याचा मोह आवरावा. तिंबण्याने पिठातील प्रथिनांचे जाळे, म्हणजेच ग्लूटेन, बांधले जाते आणि गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ, गुळगुळीत होतो.

यानंतरची पायरी सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वाधिक वगळली जाते. गोळा झाकून अर्धा तास ठेवावा. तिंबल्याने ताणलेले जाळे या अवधीत सैलावते. न मुरलेले पीठ लाटले तर ते मागे खेचले जाते, पारी जाड राहते आणि शिजल्यावर रबरासारखी लागते. उन्हाळ्यात अंड्याचा गोळा फ्रिजमध्ये मुरवावा आणि लाटण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर काढावा.

बोलोन्याचा भला पाट आपल्याकडे नसला तरी अडत नाही. पिठाचे सहा सारखे गोळे करावेत. एक लाटायला घ्यावा, बाकीचे झाकून ठेवावेत. पिठी अगदी बेताची लावावी आणि मधून कडेकडे लाटत प्रत्येक गोळ्याची मोठ्या पोळीएवढी, सुमारे 22 सेंटिमीटर व्यासाची पारी करावी. जाडी एक मिलिमीटरहून अधिक नको. कडा मध्यापेक्षा जाड राहतात, तिकडे विशेष लक्ष द्यावे. कापून उरलेले तुकडे फेकू नयेत. थर रचताना ठिगळाला ते उपयोगी पडतात आणि खाताना कुणाला कळतही नाहीत.

उकळणे आणि थर रचणे

रुंद पातेल्यात भरपूर पाणी खळखळून उकळावे, त्यात थोडे मीठ घालावे. एका वेळी एक-दोनच पाऱ्या सोडाव्यात. ताजी पारी मिनिटभरात शिजते. लगेच थंड पाण्यात बुडवून स्वच्छ कापडावर पसरावी. एकावर एक ठेवल्यास त्या चिकटतात. पाण्यात तेल घालण्याचे कारण नाही.

बोलोन्यात थरांमध्ये दीर्घकाळ मंद आचेवर शिजवलेला मांसाचा ‘रागू’, दुधाचा पांढरा ‘बेशामेल’ सॉस आणि किसलेले पार्मिजानो चीज असते. आपल्या घरी रागूच्या जागी कांदा, गाजर, टोमॅटो आणि शिजवलेली मसूर यांचा दाट रस्सा छान बसतो. बेशामेलसाठी 30 ग्रॅम लोण्यावर 30 ग्रॅम मैदा परतून त्यात अर्धा लिटर दूध गुठळ्या न होऊ देता ढवळावे आणि चिमूटभर जायफळ किसावे. 20 सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यात पाच थर सहज होतात. प्रत्येक थरावर रस्सा आणि सॉस लिंपल्यासारखा पातळ पसरावा. पारी स्वतः चवदार असल्याने किसलेले चीज सर्व मिळून 60 ग्रॅमही पुरते. ओव्हनमध्ये 180 अंशांवर अर्धा तास भाजावे आणि कापण्यापूर्वी दहा मिनिटे तरी निवू द्यावे. नाहीतर थर घसरतात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात, खाली तवा ठेवून, मंद आचेवर शिजवावे. वरचा थर खरपूस होणार नाही. चवीत फारसे उणे येणार नाही.

कोणी, किती आणि कोणती काळजी घेऊन?

वरील प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला पारीतून 50 ग्रॅम पीठ येते, म्हणजे साधारणतः दोन मध्यम पोळ्यांइतके. घरात मधुमेही व्यक्ती असेल, तर हा हिशेब त्यांना आधीच सांगावा : लझानिया हे पोळी-भाताच्या जागी खायचे आहे, त्यांच्या जोडीला नाही. बेशामेलमधील मैदा आणि दूधही मोजणीत धरावे. सोबत पाव नको. काकडी, टोमॅटो, मुळा यांची मोठी वाटी असावी. रक्तदाब असणाऱ्यांसाठी लक्षात ठेवायचे ते असे की, जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, आणि चीजमध्ये मीठ असतेच. म्हणून रश्शातील मीठ हात राखून घालावे.

सीलिएक हा आजार किंवा गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी यातील कोणतीही पारी खाऊ नये. खपली किंवा बन्सी ‘पचायला हलकी’ म्हणून त्यांना चालेल, असा सल्ला अनेकदा आपुलकीने दिला जातो. तो घातक आहे. खपली असो वा बन्सी, दोन्ही गहूच, आणि दोहोंत ग्लूटेन आहे. अशा व्यक्तीसाठी वांग्याच्या किंवा दुधीच्या पातळ कापांचे थर वेगळ्या भांड्यात रचावेत. त्यांच्या सॉसमध्ये मैद्याऐवजी तांदळाचे पीठ घालावे आणि ओटा, लाटणे व चमचे आधी स्वच्छ धुवावेत. सणाच्या पंगतीत त्यांनाही पोटभर आणि निर्धास्त जेवता आले पाहिजे.

मुले पिठाशी खेळताना हमखास चव घेतात. इथे मात्र त्यांना रोखावे. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते, आणि कच्चे पीठही जंतुमुक्त नसते. काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. लाटलेल्या पाऱ्या फ्रिजमध्ये एक दिवस, किंवा मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. पापडासारख्या उन्हात वाळवून अंड्याच्या पाऱ्या डब्यात साठवू नयेत.

शेवटी एका गोष्टीची आठवण देणे आवश्यक वाटते. तिंबणे, लाटणे, उकळणे, रचणे या कामांना दोन-अडीच तास लागतात. रविवारी सारे घर दिवाणखान्यात आणि एक बाई ओट्यापाशी, असे झाले तर ‘घरचे आरोग्यदायी अन्न’ घरातील एका जीवाच्या आरोग्यावर उभे राहील. या पदार्थाची रचनाच अशी आहे की प्रत्येक टप्प्याला एक वेगळा हात सामावून घेता येतो. तिंबायला तरुण मनगट हवे, उकळायला मोठ्यांचे लक्ष हवे, थर रचायला मुलांची लहान बोटे पुरतात, आणि आजोबा खुर्चीत बसून चीज किसू शकतात. पहिल्या खेपेस पारी वेडीवाकडी होईल, एखादी फाटेल. ती खालच्या थरात घालावी. वरचा थर तेवढा नीट असला, की पान वाढताना सगळे खूश.