पक्षी खरा, व्यवसाय खोटा

फसवणूक म्हटली की बनावट सोने, खोटे दस्तऐवज किंवा अस्तित्वातच नसलेला भूखंड डोळ्यांसमोर येतो. मात्र सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यभराच्या बचतीला जबर तडाखा देणाऱ्या अनेक प्रकरणांत दाखवलेली वस्तू अगदी खरी असते. शेड खरी असते, पक्षी खरे असतात, करारनामाही मुद्रांकित कागदावर केलेला असतो. खोटे असते ते फक्त एकच, आणि ते म्हणजे या वस्तूला बाजारात गिऱ्हाईक आहे हे गृहीतक. एमूपालनाच्या नावाखाली भारतात जे घडले ते या प्रकाराचे अत्यंत बोलके उदाहरण आहे. त्या व्यवहाराचे गणित समजून घेतले, तर तशाच घाटाच्या इतर योजना ओळखणे अवघड राहत नाही.

एमू हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, उडता न येणारा पक्षी. पूर्ण वाढ झालेला एमू साडेपाच ते सहा फूट उंच असून त्याचे वजन ४० ते ५० किलोपर्यंत भरते. दीड ते दोन वर्षांनी मादी अंडी घालू लागते. हिवाळ्याच्या हंगामात ती गडद हिरव्या रंगाची, प्रत्येकी सुमारे अर्धा किलो वजनाची वीस-पंचवीस अंडी देते. मांसात चरबी कमी, पाठीवरील चरबीपासून तेल, कातडीपासून चामडे, शिवाय पिसे आणि अंड्यांची टरफले शोभेच्या वस्तूंसाठी. कागदावर पाहिले तर या पक्ष्याचे काहीच वाया जात नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो भारतात आला आणि पुढच्या दशकात आंध्र प्रदेश, महाराष्ट्र व तामिळनाडू या राज्यांत त्याच्या पालनाची लाट उसळली. दुष्काळी भागातही तगणारा, कमी रोगराईचा आणि ‘सोन्याची अंडी’ देणारा पक्षी अशी त्याची ख्याती पसरवण्यात आली.

अंडी कोण विकत घेत होते?

कोंबडीपालनात अंडे शेवटी कोणाच्या तरी ताटात जाते. एमूच्या अंड्याचे तसे नव्हते. ते उबवणी केंद्रात जाई, त्यातून निघालेले पिल्लू नव्या पालकाला विकले जाई आणि त्या पालकाकडची अंडी पुन्हा उबवणी केंद्रात येत. मांस, तेल किंवा चामडे यांसाठी पक्षी घेणारा ग्राहक नगण्य होता. म्हणजे पिल्लांची चढी किंमत पक्ष्याच्या उपयुक्ततेवर नव्हे, तर उद्या आणखी कोणीतरी नवा पालक येईल या एकाच अपेक्षेवर उभी होती.

ही अपेक्षा फार काळ टिकणे अशक्य का होते, हे साध्या गुणाकाराने कळते. एका जोडीपासून वर्षाला वीस पिल्ले जगली असे धरले, तर त्यांच्या दहा जोड्या होतात. सुरुवातीला शंभर जोड्या असतील तर पुढच्या पिढीत हजार, त्यानंतर दहा हजार आणि त्यापुढे एक लाख. प्रत्येक पिढीला आधीच्या दहापट नवे पालक हवेत. पक्ष्यांची संख्या वाढवणे निसर्गाच्या हाती असते, गिऱ्हाइकांची नव्हे. ज्या दिवशी नवा पालक मिळेनासा होतो, त्या दिवशी कालपर्यंत हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या पक्ष्याची किंमत त्याच्या रोजच्या खाद्याच्या खर्चाहूनही खाली जाते.

हा अनुभव नवीन नव्हता. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या प्रारंभी प्रजननक्षम एमूंच्या जोड्या हजारो डॉलरना विकल्या जात होत्या. दशक संपण्यापूर्वीच हा बाजार कोसळला आणि टेक्सासमधील काही पालकांनी खाद्याचा खर्च परवडेना म्हणून पक्षी चक्क मोकाट सोडून दिले. भारतातील लाट त्यानंतरची आहे. परदेशातील हा इतिहास उपलब्ध होता, पण जाहिरातींच्या गजरात तो शोधण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

पेरुंदुराईचा धडा

तामिळनाडूतील इरोड जिल्ह्यात पेरुंदुराई येथे ‘सुसी एमू फार्म्स’ या कंपनीने या व्यवसायाला गुंतवणूक योजनेचे रूप दिले. दीड लाख रुपये भरायचे, कंपनी सहा पिल्ले देणार, शेड बांधून देणार, खाद्य पुरवणार. शिवाय देखभालीसाठी दरमहा सहा हजार रुपये, वर्षाला वीस हजार रुपये बोनस आणि दोन वर्षांनी मूळ रक्कम परत. चित्रपट कलाकार जाहिरातींतून या योजनेची भलामण करीत होते.

या आकड्यांची बेरीज केली असता काय दिसते? दोन वर्षांत देखभालीपोटी १ लाख ४४ हजार आणि बोनसपोटी ४० हजार, म्हणजे एकूण १ लाख ८४ हजार रुपये कंपनी देणार. वर मूळ दीड लाखाची परतफेड. खाद्य आणि शेडचा खर्च वेगळाच. त्या बदल्यात कंपनीच्या हाती काय येणार? सहा वाढलेले पक्षी. प्रत्येक पक्ष्यापासून २५ किलो मांस मिळाले आणि ते किलोला ४०० रुपयांनी विकले गेले असे उदारपणे गृहीत धरले, तरी सहा पक्ष्यांचे ६० हजार रुपये होतात. तेलापासून आणखी तेवढेच मिळाले असे मानले, तरी १ लाख २० हजारांच्या पुढे मजल जात नाही. मूळ रकमेची परतफेड राहो, नुसता मासिक हप्ता आणि बोनसही त्यातून भागत नाही. मग पैसे येत होते कोठून? उत्तर एकच, नव्या गुंतवणूकदारांकडून.

ऑगस्ट २०१२ मध्ये हप्ते थांबले आणि डोलारा कोसळला. हजारो गुंतवणूकदार पोलीस ठाण्यांत धावले. शेडमधील हजारो पक्षी उपाशी राहू लागले, तेव्हा त्यांच्या खाद्याची व्यवस्था सरकारी यंत्रणेला करावी लागली. ठेवीदारांच्या अंगणात पक्षी उरले, पण विकत घेणारे कोणीच उरले नाही.

यातील एक बाब शहरी वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांच्यासाठी पक्षी कंपनीच सांभाळेल आणि मालकाला घरबसल्या मासिक रक्कम मिळेल, अशीही सोय होती. असा ‘पालक’ पक्ष्याचे तोंडही पाहत नाही. नाव व्यवसायाचे असले, तरी प्रत्यक्षात ती ठेव असते, तीही कोणत्याही नियामकाच्या देखरेखीबाहेरची. १९९०च्या दशकातील सागवान लागवडीच्या योजनांचे सूत्र हेच होते. अशा सामूहिक गुंतवणूक योजनांना ‘सेबी’ची नोंदणी सक्तीची करणारे नियम १९९९ मध्ये आले, ते या कटू अनुभवानंतरच.

महाराष्ट्रात हेच सूत्र कडकनाथ कोंबडीच्या रूपाने परतले. मध्य प्रदेशातील झाबुआच्या या काळ्या मांसाच्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची कीर्ती सर्वदूर पोहोचली. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील एका कंपनीने पिल्ले देऊन अंडी व पक्षी परत विकत घेण्याची हमी दिली. २०१९ मध्ये खरेदी थांबली, खाद्याचा पुरवठा बंद पडला आणि गुन्हे दाखल झाले. कडकनाथ ही अस्सल व मागणी असलेली जात आहे. पण अंड्यासाठी बाजारभावापेक्षा कितीतरी अधिक दर देण्याची हमी कोणत्या बाजाराच्या भरवशावर दिली जात आहे, हा प्रश्न विचारला गेला नाही.

पश्चात्ताप उशिरा का होतो?

अशा योजनांत सुरुवातीचे काही हप्ते अगदी वेळेवर मिळतात. खात्यात जमा झालेली रक्कम हा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. वस्तुतः तो स्वतःच्याच पैशाचा एक भाग परत आलेला असतो. या विश्वासापोटी माणूस भाऊ, मेहुणा, कार्यालयातील सहकारी यांनाही योजनेत ओढतो. पुढे हप्ते थांबले की पैशाच्या दुःखापेक्षा नातेवाइकांसमोर तोंड दाखवण्याची लाज अधिक टोचते. तो गप्प बसतो. ‘बँक खाते तात्पुरते गोठवले आहे’, ‘निर्यातीची मोठी मागणी आली आहे’ अशा खुलाशांवर विश्वास ठेवावासा वाटतो. गेलेले पैसे वसूल होतील या आशेने कित्येक जण आणखी रक्कम भरतात. प्रवर्तकांना मालमत्ता हलवण्यासाठी जो वेळ लागतो, तो त्यांना या गप्प बसण्यातूनच मिळतो. त्यानंतर ‘पैसे परत मिळवून देतो’ असे सांगून आगाऊ शुल्क मागणारे मध्यस्थ उगवतात. फसवणुकीचा हा दुसरा फेरा असतो.

कायदा काय देऊ शकतो?

महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा १९९९ पासून लागू आहे. ‘एमपीआयडी’ या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. त्यात ठेवीची व्याख्या व्यापक आहे. ठरावीक मुदतीने किंवा अन्यथा रोख, वस्तू अथवा सेवेच्या रूपात परत करण्याच्या बोलीवर घेतलेली रक्कम ठेव ठरू शकते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या व्याख्येचा व्यापक अर्थ मान्य केला. त्यामुळे ‘आम्ही ठेव घेतली नाही, पक्षी विकले’ हा बचाव प्रत्येक वेळी टिकेलच असे नाही. या कायद्यान्वये प्रवर्तकांची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत तिची विक्री व वाटप करता येते. शिवाय अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा २०१९ मध्ये आला.

तथापि, जप्त मालमत्तेतून सर्वांचे संपूर्ण पैसे क्वचितच फिटतात आणि प्रक्रियेला वर्षे लागतात. म्हणून तक्रारीची तारीख महत्त्वाची. पावत्या, करारनामा, बँकेचे उतारे, जाहिरातीची पत्रके आणि एजंटाशी झालेले संदेश जपून ठेवावेत. रक्कम मोठी असेल तर आर्थिक गुन्हे शाखेकडे, अन्यथा स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. कंपनीने पुढील तारखांचे धनादेश दिले असतील आणि ते न वटता परत आले, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस देणे आवश्यक असते. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ या आश्वासनावर विसंबून अनेकांच्या या मुदती निघून जातात.

पैसे भरण्यापूर्वी मात्र तीन प्रश्न पुरेसे आहेत. या वस्तूचा अंतिम वापर करणारा ग्राहक कोण, आणि तो या योजनेबाहेरचा आहे काय? खरेदीची हमी देणारी कंपनी उद्या बंद पडली, तर हीच वस्तू जवळच्या बाजारात कोणत्या दराने विकली जाईल? आणि व्यवसाय खरोखरच इतका किफायतशीर असेल, तर प्रवर्तक बँकेचे कर्ज काढून तो स्वतःच का करीत नाही? उत्तरादाखल कोणी इतरांना मिळालेल्या हप्त्यांची यादी पुढे केली, तर त्या यादीतून या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.