वय माहीत असणं आणि वय सिद्ध करणं

प्रमाण म्हणजे काय, हे आम्ही वर्गात अनेक वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर हाच प्रश्न आम्हाला एका सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात पुन्हा भेटला. शेजारच्या म्हातारीचा पगाराचा अर्ज घेऊन गेलो होतो. हो, आपल्याकडं निराधाराच्या पैशालाही 'पगार'च म्हणतात.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वय ६५ किंवा जास्त हवं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं आणि राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य हवं. मग महिना १,५०० रुपये. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला धावपळ करून मिळतो. अडतं ते वयापाशी.

कारण साधं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ चा, आणि आजचा प्रत्येक अर्जदार त्याआधी जन्मलेला. बायकांपैकी शाळेत गेलेल्या किती? सेनगाव, औंढ्याकडची म्हातारी सांगते, "रझाकाराच्या टायमाला मी रांगत व्हते." रझाकार १९४८ ला संपले, म्हणजे बाई पंचाहत्तरीच्या पुढची. वर ती सांगते, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले तेव्हा थोरला कडेवर होता. न्यायदर्शनात याला अनुमान म्हणतात, आणि हे अनुमान कच्चं नाही. पण खिडकीवर चालतो तो फक्त कागद.

आता कागदाची गंमत बघा. आधार काढताना अंदाजे वय टाकलं गेलं, म्हणून कितीतरी जण एक जानेवारीला जन्मले! आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात म्हटलं. तरी आधी पाहिलं जातं आधारच. आमच्या म्हातारीचं वय तिथं ६१ होतं. दुसऱ्याच्या चुकीपायी तिनं चार वर्षं थांबायचं का?

थांबायची गरज नाही. जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका किंवा मतदार यादीतलं वय चालतं. यातलं काहीच नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. हे आपणहून कुणी सांगत नाही, विचारावं लागतं. खरं तर साठीनंतर ६३ आणि ६६ यांतला फरक डॉक्टरलाही नेमका सांगता येत नाही. तोही अंदाजच, फक्त शिक्क्याचा. मग दोन वृद्ध शेजाऱ्यांची साक्ष का चालू नये? आमच्या मते चालायला हवी.

तोवर एवढं करा. अर्जाआधी सगळ्या कागदांवरचं वय आणि नाव ताडून बघा. जुन्या कागदावर 'जिल्हा परभणी' असेल तर घाबरू नका, हिंगोली १ मे १९९९ ला वेगळा झाला. अर्जाची पोच घ्या, आणि नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी नकारावर पुढं दाद मागता येत नाही.