बँगम, ॲलेक डग्लस

(१० नोव्हेंबर १९२१–९ मार्च २०१०). ब्रिटिश जीवभौतिकीविज्ञ. फॉस्फोलिपिडांपासून पाण्यात आपोआप तयार होणाऱ्या सूक्ष्म, बंद पिशव्यांच्या म्हणजे लिपोसोमांच्या शोधाबद्दल प्रसिद्ध. औषध नॅनोकणात (मीटरच्या अब्जांशात मोजल्या जाणाऱ्या कणात) बंदिस्त करून शरीरात नेण्याच्या तंत्राचा एक प्रमुख उगम या शोधात आहे.

बँगम यांचा जन्म मँचेस्टर येथे झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर काही काळ त्यांनी विकृतिवैज्ञानिक म्हणून काम केले. १९५२ मध्ये ते केंब्रिजजवळील बाब्रॅहम येथील प्राणि-शरीरक्रियाविज्ञान संस्थेत दाखल झाले व १९८२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. रक्तातील कोशिकांच्या पृष्ठभागावरील विद्युत् भार आणि रक्तक्लथनातील फॉस्फोलिपिडांचे कार्य हे त्यांचे आरंभीचे विषय होत. औषधांशी त्यांचा संबंध नव्हता, हे ध्यानात ठेवावयास हवे.

१९६०च्या सुमारास आर्. डब्ल्यू. हॉर्न हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे तज्ञ बाब्रॅहमला आले. ऋण अभिरंजन (जड धातूच्या लवणाने वस्तूभोवतीची जागा गडद करून वस्तू फिकट दाखविण्याची पद्धत) वापरून या दोघांनी पाण्यात फुगविलेले लेसिथीन पाहिले, तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक असलेले थर दिसले. ही निरीक्षणे १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. फॉस्फोलिपिडाच्या रेणूचे एक टोक जलस्नेही व त्याच्या दोन लांब शेपट्या जलद्वेषी असतात. शेपट्या आत व टोके पाण्याकडे अशी दुहेरी रचना झाली की तिच्या मोकळ्या कडा जुळून पिशवी बनते. तथापि चित्रावरून पिशवी खरोखर बंद आहे की नाही हे ठरत नाही. बँगम यांचे श्रेष्ठत्व येथेच दिसते. १९६५ मध्ये स्टँडिश व वॉटकिन्स यांच्या सहकार्याने त्यांनी दाखविले की, आत अडकलेले पोटॅशियम आयन अगदी हळूहळू बाहेर झिरपतात. म्हणजे ही पिशवी कोशिका-पटलाची साधी प्रतिकृतीच आहे. शुद्धिहारक द्रव्यांनी ही झिरप वाढते, असेही पुढे आढळले. सहकारी या पिशव्यांना थट्टेने ‘बँगॅसोम’ म्हणत; ‘लिपोसोम’ हे नाव जेराल्ड वाइसमन यांनी सुचविले.

जी पिशवी आयन कोंडून ठेवते ती औषधही कोंडील, हा विचार इतरांनी पुढे नेला. ग्रेगरी ग्रेगोरिॲडिस व ब्रेंडा रायमन यांनी १९७१ मध्ये लिपोसोमांत एंझाइम भरून ते उंदरांना टोचले. बराचसा भाग यकृत व प्लीहा यांतील भक्षिकोशिकांनी गिळला. कर्करोगावरील उपचारात ही मोठीच अडचण ठरली. पॉलिएथिलीन ग्लायकॉलाचे आवरण देऊन ती पुष्कळशी दूर झाल्यावर १९९५ मध्ये डॉक्सोरुबिसीनयुक्त लिपोसोमांना अमेरिकेत मान्यता मिळाली. उलट, काळा आजाराचे परजीवी भक्षिकोशिकांतच राहत असल्यामुळे तेथे हीच अडचण उपकारक ठरली. अँफोटेरिसीन-बी हे प्रभावी, परंतु मूत्रपिंडांना घातक औषध. लिपोसोमात घातल्यास त्याचा विषारीपणा बराच कमी होतो. बिहारमधील मुझफ्फरपूर येथील चाचणीत (२०१०) त्याच्या एकाच मात्रेने सु. ९६ टक्के रोगी बरे झाले; साध्या औषधाच्या दिवसाआड दिलेल्या १५ मात्रांचे फलही तेवढेच होते. भारतीय बनावटीचे असे औषध सिद्ध करण्यात दिल्ली विद्यापीठातील बिमलकुमार बच्छावत आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील नीलिमा क्षीरसागर यांच्या गटांचा वाटा आहे. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत याच औषधाच्या टंचाईने महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना हवालदिल केले.

बँगम स्वतः मात्र फुप्फुसाकडे वळले. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत वायुकोश उघडे ठेवणारे पृष्ठक्रियाकारक पुरेसे नसते. कॉलिन मॉर्ली यांच्याबरोबर त्यांनी दोन फॉस्फोलिपिडांचे कृत्रिम मिश्रण तयार केले. दहा रुग्णालयांतील चाचणीत (१९८७) त्यामुळे नवजातमृत्यूंचे प्रमाण २७ वरून १४ टक्क्यांवर आले. पुढे प्राणिज द्रव्ये अधिक गुणकारी आढळल्याने ते मागे पडले.

२०२० नंतरच्या आरएनए लशींतील मेदकणांना पुष्कळदा लिपोसोम म्हटले जाते, ते तितकेसे बरोबर नाही. त्यांच्या गाभ्यात पाण्याची एकसंध पोकळी नसते. १९७७ मध्ये बँगम यांची रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वावर निवड झाली.